चार तारांवरचा विद्रोह : डबल बेसवादक चार्ल्स मिंगस

१९५७ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या लिटल रॉक शहरात नऊ काळी मुले शाळेत जायला निघाली. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच दिला होता. तरीही राज्याचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी या नऊ मुलांना अडवण्यासाठी शाळेच्या दारात नॅशनल गार्डचे सशस्त्र जवान उभे केले. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर पाठवावे लागले आणि सैनिकांच्या पहाऱ्यात ती मुले वर्गात जाऊन बसली.

दोन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये एका संगीतकाराने याच गव्हर्नरच्या नावाची एक रचना ध्वनिमुद्रित केली. नाव होते 'फेबल्स ऑफ फॉबस'. सत्तेवर बसलेल्या माणसाची नाव घेऊन केलेली ती टिंगल होती. संगीतकाराचे नाव चार्ल्स मिंगस. वाद्य डबल बेस.

२२ एप्रिल हा मिंगस यांचा जन्मदिवस. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. जॅझ म्हटले की लुई आर्मस्ट्राँग यांचा ट्रम्पेट किंवा चार्ली पार्कर यांचा सॅक्सोफोन आठवतो. मागे माणसापेक्षा उंच लाकडी वाद्य उभे धरून चार जाड तारा बोटांनी छेडणाऱ्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. खरे तर सगळा डोलारा त्याच्यावर उभा असतो. तालाची चाल तोच धरतो आणि सुरांना खालून आधारही तोच देतो. तो चुकला तर सगळेच कोसळते. तो बरोबर असला तर कुणाला त्याची आठवणही होत नाही. या मागच्या जागेवरून पुढे येऊन मिंगस यांनी अमेरिकेला जाब विचारला, म्हणून त्यांचे आयुष्य आम्हाला सांगावेसे वाटते.

उतरंडीतले बालपण

मिंगस यांचा जन्म १९२२ साली ॲरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सरहद्दीवरील नोगालेस गावातल्या लष्करी छावणीत झाला. वडील सैन्यात सार्जंट होते. जन्मानंतर काही महिन्यांतच आई गेली. कुटुंब लॉस एंजेलिस शहराच्या वॉट्स भागात राहायला आले आणि चार्ल्स सावत्र आईच्या हाताखाली वाढला. वडील करड्या शिस्तीचे, मारझोड करणारे होते.

घराण्यात काळे, गोरे, चिनी असे वेगवेगळे रक्त मिसळलेले होते. त्यामुळे मुलाचा रंग उजळ होता. वडिलांना या उजळपणाचा अभिमान होता आणि आपल्यापेक्षा गडद रंगाच्या माणसांना ते कमी लेखत. मिंगस यांनी आत्मचरित्रात हे लपवलेले नाही. गोऱ्यांच्या लेखी हा मुलगा काळा आणि काळ्या मुलांच्या लेखी पुरता काळा नाही. ज्याला वरचा तुडवतो तोही खाली तुडवायला कुणाला तरी शोधतो, ही उतरंड कशी चालते ते आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. पुढे त्यांनी आत्मचरित्राला 'बिनीथ द अंडरडॉग' असे नाव दिले. म्हणजे, जो आधीच तळाला आहे त्याच्याही खाली.

घरात फक्त चर्चचे संगीत चाले. सावत्र आई त्याला ज्या चर्चमध्ये नेई, तिथे लोक टाळ्या वाजवत, हुंकार देत, गाता गाता भान विसरत. एकाने साद घालायची, सगळ्यांनी प्रतिसाद द्यायचा. हा आवाज मिंगस यांच्या रचनांमधून शेवटपर्यंत गेला नाही. दुसरा आवाज आला रेडिओतून. लहानपणी एकदा ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद कानावर पडला आणि चर्चच्या बाहेरही असे संगीत असू शकते हे त्याला प्रथमच कळले. एलिंग्टन हे मिंगस यांचे जन्मभराचे दैवत झाले.

चेलो सुटला, बेस आला

पहिले वाद्य ट्रॉम्बोन. नंतर चेलो. मुलाला चेलो मनापासून आवडे आणि युरोपीय शास्त्रीय संगीत वाजवायचे त्याचे स्वप्न होते. पण काळ्या वस्तीत फिरून शिकवणाऱ्या शिक्षकांनी त्याला स्वरलिपी नीट शिकवलीच नाही. कानाने ऐकून वाजवण्यावर भागवले. शाळेच्या वाद्यवृंदात गेल्यावर ही उणीव उघडी पडली.

याच सुमारास बडी कॉलेट या मित्राने त्याला व्यवहाराची गोष्ट सांगितली. काळ्या माणसाने चेलो कितीही चांगला वाजवला तरी गोऱ्यांच्या सिंफनी वाद्यवृंदात त्याला जागा मिळणार नाही. डबल बेस घे, निदान काम तरी मिळेल. मुलाने बेस घेतला. ही त्याची आवड नव्हती, बंद दारापुढून वळून घेतलेली वाट होती. पण त्या वाटेवर तो असा चालला की पुढे त्या वाद्याचाच इतिहास बदलला.

आधी रेड कॅलेंडर या जॅझ बेसवादकाकडे आणि मग न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमधून निवृत्त झालेले हर्मन राइन्शागेन यांच्याकडे पाच वर्षे त्यांनी रियाझ केला. रचनेचे शिक्षण लॉइड रीस यांच्याकडे घेतले. विशीही उलटली नव्हती तेव्हा त्यांनी 'हाफ-मास्ट इनहिबिशन' ही मोठी रचना लिहिली. तिचे ध्वनिमुद्रण व्हायला १९६० साल उजाडले.

रंग आडवा येत राहिला

१९४० च्या दशकात मिंगस यांनी बार्नी बिगार्ड, लुई आर्मस्ट्राँग आणि लायनेल हॅम्प्टन यांच्या वृंदांत वाजवले. नाव होत होते, पण पोट भरत नव्हते. मधल्या काळात त्यांनी टपाल खात्यात नोकरी केली. तिथून त्यांना रेड नॉर्व्हो यांच्या त्रयीने बाहेर काढले. व्हायब्राफोनवर नॉर्व्हो, गिटारवर टॅल फार्लो आणि बेसवर मिंगस. ढोल नाही, पियानो नाही. अतिशय द्रुत लयीत तिघे वाजवत आणि बेस कुठेही मागे पडत नसे. पहिले दोघे गोरे होते. दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमाची वेळ आली तेव्हा मिंगस यांच्या जागी गोरा बेसवादक उभा करण्यात आला. मिंगस त्रयीतून बाहेर पडले आणि १९५१ साली न्यूयॉर्कला आले.

लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा संगीतकारांच्या कामगार संघटनाही दोन होत्या, एक गोऱ्यांची आणि एक काळ्यांची. चांगली कामे पहिलीकडे जात. या दोन संघटना एक कराव्यात म्हणून बडी कॉलेट आणि त्यांच्या सोबत्यांनी चळवळ उभारली. तिच्या सुरुवातीच्या काळात मिंगसही त्यांच्यात होते. १९५३ साली दोन्ही संघटना एक झाल्या. कलावंताने कलेपुरते बोलावे, संघटनेच्या भानगडीत पडू नये असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

न्यूयॉर्कमध्ये मिंगस यांनी आणखी एक पाऊल उचलले. काळ्या संगीतकारांच्या घामावर ध्वनिमुद्रिका कंपन्या श्रीमंत होत होत्या. १९५२ मध्ये ढोलवादक मॅक्स रोच आणि पत्नी सेलिया यांच्यासोबत त्यांनी 'डेब्यू' ही स्वतःची कंपनी काढली. भांडवल थोडे होते, कंपनी पाच-सहा वर्षेच चालली. पण आपल्या मालाचे मालक आपणच व्हायचे हा विचार त्या काळात साधा नव्हता.

याच कंपनीमुळे एक मैफल जगाला मिळाली. १५ मे १९५३ रोजी कॅनडातील टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, मॅक्स रोच आणि मिंगस असे पाच दिग्गज एकत्र बसले. त्याच रात्री मुष्टियुद्धाची जागतिक लढत होती, त्यामुळे सभागृहात बऱ्याच खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मैफलीचे ध्वनिमुद्रण झाले होते. त्यात बेस नीट ऐकू येत नाही म्हणून मिंगस यांनी न्यूयॉर्कला परतल्यावर आपला भाग पुन्हा वाजवून त्यावर चढवला. मागच्या माणसाने आपला आवाज ऐकू यावा म्हणून धरलेला तो हट्ट होता.

त्याच वर्षी दैवताच्या पंगतीत बसण्याची संधी आली आणि गेली. एलिंग्टन यांच्या वृंदात मिंगस दाखल झाले, पण ट्रॉम्बोनवादक हुआन तिझोल यांच्याशी त्यांचे असे जोरदार भांडण जुंपले की एलिंग्टन यांनी त्यांना काढून टाकले. एलिंग्टन सहसा कुणाला स्वतःहून काढत नसत.

कागदावरून नव्हे, कानावरून

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून मिंगस यांनी आपल्या वृंदाला 'जॅझ वर्कशॉप' म्हणायला सुरुवात केली. या कार्यशाळेची पद्धत वेगळी होती. रचना स्वरलिपीत लिहून वाटण्याऐवजी ते पियानोवर वाजवून किंवा गाऊन दाखवत आणि वादकांनी ती कानाने उचलायची. लहानपणी जी उणीव म्हणून वाट्याला आली, तीच त्यांनी शिकवण्याची रीत केली. कागदावरचे वाजवले तर माणूस कागदाचे वाजवतो. कानावरून घेतलेले आपल्या स्वभावासह बाहेर येते, अशी त्यांची धारणा होती. कार्यक्रम चालू असताना ते मध्येच वाद्ये थांबवत, वादकाला सर्वांदेखत चूक सांगत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. श्रोते गप्पा मारू लागले तर त्यांनाही झाडत. मद्यालयात ग्लास किणकिणत असताना वाजवणे म्हणजे कलेचा अपमान, असे त्यांचे ठाम मत होते.

या कार्यशाळेतून माणसे घडली. डॅनी रिचमंड मूळचे सॅक्सोफोनवादक. ढोल हाती घेतल्यावर त्यांना मिंगस यांनी घडवले आणि ही जोडी वीस वर्षे टिकली. एरिक डॉल्फी, जॅकी बायर्ड, जिमी नेपर, बुकर एर्विन ही नावेही या वृंदातूनच लोकांपुढे आली.

१९५६ ची 'पिथेकँथ्रोपस इरेक्टस' ही पहिली मोठी रचना. दोन पायांवर प्रथम उभा राहिलेला मानव उन्मत्त होतो, इतरांना गुलाम करू पाहतो आणि शेवटी त्या गर्वातच नष्ट होतो, अशी कथा त्यांनी केवळ वाद्यांतून सांगितली. १९५७ ची 'हैतीयन फाइट साँग' हैतीतल्या गुलामांच्या उठावाची आठवण जागवते. तिची सुरुवात एकट्या बेसने होते. आधी खोल, संथ, जणू कुणी अंधारात चालत येतो आहे. मग एकेक वाद्य मिसळते आणि शेवटी सगळा जमाव उसळतो. मिंगस कोण होते हे एका रचनेत कळून घ्यायचे असेल तर आम्ही हीच ऐकायला सांगू.

१९५९ हे साल त्यांच्या बहराचे. 'मिंगस आह अम' ही ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी निघाली. तिच्यात चर्चचा कल्लोळ आहे, मार्चमध्ये निधन पावलेले सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांच्यासाठी लिहिलेले 'गुडबाय पोर्क पाय हॅट' हे शोकगीत आहे आणि 'फेबल्स ऑफ फॉबस'ही आहे. मात्र कोलंबिया कंपनीने फॉबस यांच्यावरचे शब्द छापू दिले नाहीत. रचना नुसत्या वाद्यांवर निघाली. मिंगस गप्प बसले नाहीत. पुढच्याच वर्षी कँडिड या छोट्या कंपनीकडे जाऊन त्यांनी ती शब्दांसह ध्वनिमुद्रित केली. मिंगस प्रश्न विचारतात आणि डॅनी रिचमंड ढोलामागून उत्तर देतात. चर्चमधली साद आणि प्रतिसाद, फक्त आता विषय देव नसून गव्हर्नर आहे. त्याच १९६० साली न्यूपोर्टच्या मोठ्या जॅझ महोत्सवातील व्यापारी कारभार आणि मानधनातला भेदभाव यांचा निषेध म्हणून मिंगस आणि मॅक्स रोच यांनी जवळच समांतर महोत्सव भरवला. आपला मंच आपणच उभारायचा, ही रीत आपल्यालाही परकी नाही.

झाकून ठेवू नये अशी बाजू

इथे आम्हाला थोडे थांबावे लागते. आपण ज्यांना मानतो त्यांचे चरित्र लिहिताना दोष गाळण्याची सवय आपल्यात आहे. दोष गाळल्याने माणूस मोठा होत नाही, खोटा होतो.

मिंगस यांचा राग फक्त अन्यायावर तुटून पडत नव्हता. तो सोबत्यांवरही तुटून पडे. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्यांची मोठी मैफल ठरली होती. तारीख अलीकडे आणली गेली, लिहून पुरे झाले नव्हते, रंगमंचावर स्वरलिपीच्या प्रती उतरवून घेणे चालूच होते. ती मैफल पुरती फसली. त्या तयारीच्या दिवसांत जिमी नेपर यांच्याशी वाद झाला आणि मिंगस यांनी त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. दात तुटला. ट्रॉम्बोनवादकाचे ओठ आणि दात हीच त्याची भाकरी. नेपर यांच्या वाजवण्यातले वरचे सूर बराच काळ गेले. खटला झाला, मिंगस दोषी ठरले, शिक्षा स्थगित राहिली. नेपर काळे नव्हते, गोरे होते. पण म्हणून त्या ठोशाला वर्णभेदाविरुद्धचा लढा म्हणता येणार नाही. ती एका मालकाने कामगारावर केलेली हिंसा होती, आणि ती अशा माणसाने केली ज्याला बापाच्या मारझोडीची चव ठाऊक होती.

मन अस्वस्थ आहे हे मिंगस यांना स्वतःलाही कळत होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते आपल्या पायांनी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू मनोरुग्णालयात दाखल झाले होते. १९६३ ची 'द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी' ही त्यांची सर्वांत गुंतागुंतीची, अनेकांच्या मते सर्वश्रेष्ठ रचना. तिच्या वेष्टनावर छापण्यासाठी त्यांनी आपल्या मानसोपचारतज्ज्ञाकडून टिपण लिहून घेतले. मनाच्या आजाराचे नाव घ्यायला आजही आपल्या घराघरांत संकोच वाटतो. साठ वर्षांपूर्वी एका काळ्या पुरुषाने तो संकोच जाहीरपणे मोडला, याची नोंद घ्यायला हवी.

एक गोष्ट सांगायलाच हवी. पुढे वर्षे गेली आणि जिमी नेपर पुन्हा मिंगस यांच्याबरोबर वाजवू लागले. मिंगस यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या रचना वाजवणाऱ्या 'मिंगस डायनेस्टी' या वृंदातही ते होते. ज्याने मार खाल्ला त्यानेच ते संगीत पुढे नेले. यात मिंगस यांचा मोठेपणा किती आणि नेपर यांचा किती, ते वाचकांनी ठरवावे.

रस्त्यावर आलेला संसार

१९६४ मध्ये मिंगस एरिक डॉल्फी यांना घेऊन युरोपच्या दौऱ्यावर गेले. डॉल्फी तिकडेच राहिले आणि जूनमध्ये बर्लिनमध्ये अवघ्या ३६ व्या वर्षी वारले. मिंगस यांनी आपल्या मुलाचे नाव एरिक डॉल्फी ठेवले. त्यानंतरची वर्षे उतरणीची होती. काम कमी झाले, पैसा संपला. न्यूयॉर्कमधल्या एका माडीवर मुलांसाठी संगीतशाळा काढण्याचे त्यांच्या मनात होते. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये भाडे थकल्यामुळे त्यांना तिथून बाहेर काढले गेले. डबल बेस, स्वरलिपीचे गठ्ठे, सगळा संसार रस्त्यावर आला. टॉमस राइकमन या तरुण दिग्दर्शकाचा कॅमेरा तेव्हा चालू होता. रस्त्यावर आपल्या सामानाशेजारी उभे असलेले मिंगस रडतात, ते त्या माहितीपटात दिसते. ज्याच्या रचना पुढे देशाचा ठेवा ठरल्या, त्याला राहायला जागा नव्हती.

काही वर्षे ते जवळजवळ गप्पच होते. १९७१ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, गुगनहाइम शिष्यवृत्ती मिळाली, बफलो येथील विद्यापीठात त्यांनी शिकवले. पुढच्या वर्षी 'लेट माय चिल्ड्रन हिअर म्युझिक' ही मोठ्या वृंदाची ध्वनिमुद्रिका आली. डॉन पुलन, जॉर्ज ॲडम्स या तरुणांना घेऊन नवा वृंद उभा राहिला. माणूस पुन्हा उठला होता.

बोटे थांबली, रचना थांबली नाही

१९७७ च्या अखेरीस निदान झाले. एएलएस नावाचा आजार. यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरत जातात आणि शरीर एकेक अवयवाने थांबते. ज्या बोटांनी जाड तारांना माणसासारखे बोलायला लावले, ती हलेनाशी झाली. मिंगस चाकाच्या खुर्चीत आले. तरीही ते रचना करत राहिले. ध्वनिमुद्रकापुढे सूर गुणगुणायचे आणि दुसऱ्याने ते उतरवून घ्यायचे. जॅझ वर्कशॉपमध्ये जे इतरांना करायला लावले, ते आता स्वतःच्या वाट्याला आले. गायिका जोनी मिचेल यांच्यासाठी त्यांनी सुरावटी दिल्या. ती 'मिंगस' नावाची ध्वनिमुद्रिका त्यांच्या मृत्यूनंतर निघाली.

१८ जून १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर जॅझ मैफल भरवली. खुर्चीत बसलेल्या मिंगस यांचे नाव पुकारले गेले आणि सर्व जण उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मिंगस यांना रडू आवरेना. कार्टर त्यांच्याजवळ गेले आणि त्यांना जवळ घेतले. ज्या देशाने शाळेच्या दारात बंदुका उभ्या केल्या होत्या, त्या देशाचा प्रमुख वाकून या माणसाचे सांत्वन करत होता. सन्मान आला, पण तोवर बोटे गेली होती.

५ जानेवारी १९७९ रोजी मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे वयाच्या ५६ व्या वर्षी मिंगस यांचे निधन झाले. तरुणपणी एका चित्रकार मित्रामुळे ते वेदान्ताकडे ओढले गेले होते. त्यांच्या इच्छेप्रमाणे पत्नी सू मिंगस रक्षा घेऊन भारतात आल्या आणि ती गंगेत सोडण्यात आली. गंगेच्या पावित्र्यावर आमचा विश्वास नाही आणि वेदान्ताने इथल्या तळच्या माणसाला काय दिले हेही आम्ही जाणतो. तरी एका माणसाची अखेरची इच्छा म्हणून तिचा आदर करतो. अमेरिकेत ज्याला आपली अशी जागा मिळाली नाही, त्याने निरोपासाठी इतका दूरचा देश निवडला, एवढेच त्यातून आम्हाला ऐकू येते.

मृत्यूनंतर त्यांच्या कागदपत्रांत एका प्रचंड रचनेची पाने सापडली. नाव 'एपिटाफ'. म्हणजे थडग्यावरचा लेख. फसलेल्या टाउन हॉल मैफलीत तिचेच तुकडे वाजले होते. ३ जून १९८९ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये गंथर शुलर यांच्या संचलनाखाली ३० वादकांनी ती सादर केली. दोन तासांहून मोठी रचना. १९६२ साली जे हसे झाले, त्याचे उत्तर २७ वर्षांनी मिळाले. १९९३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने मिंगस यांची सारी हस्तलिखिते आपल्या संग्रहात घेतली.

फॉबस यांचे नाव आज कुणाला आठवते? आठवलेच तर शाळेच्या दारात अडवलेल्या नऊ मुलांमुळे आणि एका बेसवादकाच्या रचनेमुळे. अन्याय करणाऱ्याचे नाव इतिहासात कसे राहावे, हे कधी कधी कलावंत ठरवतो. त्यासाठी पुढची जागाच मिळावी लागते असे नाही. मागे उभे राहूनही सगळ्या वृंदाची चाल बदलता येते, फक्त हात खरा हवा आणि भीती सोडलेली हवी. आणि तो हात आपल्याच सोबत्यावर उगारला जाऊ नये, हा धडाही याच आयुष्यातून घ्यायचा आहे.

चार्ल्स मिंगस यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!